कोट्टुचा अर्थ मी सांगितला

"दत्तू, नीट कान दे. काय म्हणाली ती बाई? शब्दाला शब्द सांग."

माज्या कानात हेडफोन, समोर कॉम्प्युटर, आन् बाजूला कदम हवालदार पेन उघडून बसलेले. पोलीस ठाणं सोलापुरातलंच. कुटलं ते सांगत न्हाय, कारण तितनं मला अजून कामं येत्यात. कदम तितले रायटर. रायटर म्हंजी ठाण्यातला लिवणारा माणूस. जबाब, पंचनामा, अर्ज, सगळं त्यांच्या हातचं. साहेब बोलून निघून जातो. रायटरनं लिवलं ते राहतं.

मी शूटिंगवाला. शुक्रवार पेठेत माजं एक शटरचं दुकान हाय. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. सही येती. वाचायला बी येतं, पण घाई करायची न्हाय.

लग्न, बारसं, डोहाळजेवण हे आमचं रोजचं. मधनं मधनं पोलिसांचं बंदोबस्त शूटिंग असतं. सभा, मोर्चा असला की कोण आलं, कोण काय बोललं ते कॅमेऱ्यात घ्यायचं आन् मेमरी कार्ड ठाण्यात जमा करायचं. पोलिसांकडं कॅमेरा हाय, पण त्यांचा माणूस दुसरीकडं गेला की मला फोन येतो. लग्नात आन् हितं फरक एवढाच, की हितं 'हसा' म्हणायचं नसतं. पहिल्या बंदोबस्ताला मी सवयीनं म्हणून गेलतो, "जरा हसा की!" मोर्चा पाणी न्हाय म्हणून निघालेला. एका म्हातारीनं मोकळी घागर माज्याकडं उगारली, ती बी मी शूट केली.

तर त्या दिवसांत टीव्हीवर एका विधेयकावरची संसदेतली चर्चा चालली हुती. मला कळलं ते असं. माणूस सभेत कायतरी बोलला. ते गुन्ह्यात बसत न्हाय. तरी पोलिसांनी त्याची नोंद ठेवायची का? त्याचं शूटिंग जपून ठेवायचं का? एक खासदार म्हणायचे, नोंद ठेवली तर माणूस तोंड उघडायला भितो. दुसरे म्हणायचे, नोंदच न्हाय ठेवली तर उद्या कायतरी झाल्यावर कुणाला धरायचं? मला दोघांचंबी पटायचं. शेवटी जो बोलंल त्याचं जास्त पटायचं. मला घोर एवढाच, की शूटिंग बंद झालं तर माजं एक गिऱ्हाईक जाणार.

आमच्या भागातल्या बिडी कामगार बायांनी ह्याच विषयावर चौकात सभा घेतली. त्याला कारण हुतं. त्यांच्या मागच्या सभेचं पोलिसांनी शूटिंग केलं, तवापास्नं निम्म्या बाया यायच्या बंद झाल्या. आपलं नाव कुटंतरी चढलं म्हणून भ्यायल्या. ते शूटिंग बी माजंच हुतं. आन् आता शूटिंग नको म्हणणाऱ्या सभेच्या शूटिंगला बी मीच. स्टँड लावून पहिल्या रांगेत.

निंगव्वा बोलायला उठली. ही अक्कलकोटकडची. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवती, दुपारपास्नं बिड्या वळती. मराठी चांगलं बोलती, पण राग चढला की कानडीत शिरती. तिनं आधी माज्याकडं बोट केलं.

"बगा, दत्तू आलाय! माज्या लेकीच्या लग्नात बी हाच हुता. तवा मला म्हणला, अक्का, पदर नीट घ्या. आज न्हाय म्हणत. आज मी कशी बी दिसले तरी चालतं!"

बाया हसल्या. मी बी हसलो, त्यामुळं कॅमेरा हलला. ते हललेलं बी नंतर ठाण्यात सगळ्यांनी बघितलं. मग ती तापत गेली आन् शेवटी कानडीत म्हणाली, "अंजबेड्री! पोलिसरिगे हेसरु कोट्टु होग्री!" बायांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड जमा करायला गेलो. कार्डाबरोबर एक सर्टिफिकेट द्यावं लागतं. ही रेकॉर्डिंग माज्या कॅमेऱ्याची हाय, मी त्यात कायबी कापलं-जोडलं न्हाय, असं. त्यावर मी सही केली. तितनं निघायला पायजे हुतं.

कदम म्हणाले, "शेवटची ओळ कानडीत हाय. आमचा हिरेमठ शिपाई अक्कलकोटला बंदोबस्ताला गेलाय. तुला येतं का रे कानडी?"

हितं 'न्हाय' म्हणायचं हुतं. दोन अक्षरं. पण मी काय म्हणलं?

"येतं की! बायको तिकडचीच हाय माजी."

लगेच मला खुर्ची मिळाली. चहा आला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला कशाचा तरी अर्थ विचारत हुतं. हेडफोन लावून मी डोळे मिटले. हे मी टीव्हीत बघितलेलं.

आता माजं कानडी किती, ते सांगतो. बायको वीस वर्षं मला कानडीत शिव्या देती. तेवढं मला चोख येतं. 'कत्ते' म्हंजी गाढव, 'होग' म्हंजी जा. दोन्ही रोज कामाला येत्यात. 'कोट्टु' मात्र मला दुसरीकडनं ठाऊक हुतं. आमची गल्ली पद्मशाली विणकरांची, सगळे घरात तेलुगू बोलणारे. पोरांची भांडणं लागली की बाजूची पोरं ओरडत्यात, "कोट्टु! कोट्टु!" म्हंजी मार, हाण. म्हणलं, तेलुगू काय, कानडी काय, शेजारीच हायत की दोघं.

आन् मधी एक शब्द हुता, 'हेसरु'. तो मला कळला न्हाय. हे मी आज सांगतो. त्या दिवशी तो मी चहाबरोबर गिळला.

"साहेब, ती म्हणतीया, पोलिसांना मारून जावा."

कदमांचं पेन थांबलं. "मारून जावा? नक्की?"

"नक्की."

"बघ बरं का दत्तू. शब्द महागातला हाय."

"साहेब, वीस वर्षांचा संसार हाय माजा कानडीत."

त्यांनी लिवलं. मला वाचून दाखवलं. माज्या तोंडात ते वाक्य नाटकातल्यासारखं वाटलेलं. कागदावर ते वेगळंच दिसलं. वर निंगव्वाचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, आन् खाली 'पोलिसांना मारून जा असे चिथावणीखोर वक्तव्य केले'. मी सही केली.

कदमांनी कागद आत नेला. आतनं मोठ्या साहेबांचा आवाज आला. "स्टेशन डायरीला नोंद घ्या. बाईंना पाच वाजता बोलवा. गुन्हा दाखल करू."

स्टेशन डायरी म्हंजी ठाण्याचं रोजचं रजिस्टर. दिवसभरात जे काय घडतं ते वेळेसकट त्यात चढतं. मी ते ऐकलं, चपला घातल्या आन् घरी गेलो.

बायको ताट वाढत हुती. मी फुशारकीत सांगितलं, आज ठाण्यात मी कानडीचं भाषांतर केलं.

"तुमी?" ती म्हणाली. "कुणाला येत न्हाय असं बघून केलं आसंल."

मी ते वाक्य तिला म्हणून दाखवलं. पोलिसरिगे हेसरु कोट्टु होग्री.

"मग? त्यात काय भाषांतर करायचं? पोलिसांना नाव देऊन जावा, म्हणाली ती."

"नाव... देऊन?"

"हेसरु म्हंजी नाव. कोट्टु म्हंजी देऊन. आमी भीत न्हाय, आमचं नाव घ्या लिवून, असं. शाणी हाय बाई." मग तिनं माज्याकडं बघितलं. "अवो, तुमी काय सांगितलंसा?"

भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला. वीस वर्षांत बायकोनं मला कानडीत शिव्यांशिवाय कदी कायबी दिलंच न्हाय, मग 'देऊन' मला कुटनं कळणार? हे मी तिला बोललो बी. ती हसली न्हाय. ती हसली न्हाय तवा मी खरा भ्यालो.

"तिला शाळेत ठिवतील का? केस लागलेल्या बाईच्या हातची खिचडी कोण खाऊ घालतंय पोरांना? उठा. हात धुवा. जावा तिकडं."

"आगं, मी सही केलीया. मलाच आत टाकलं तर?"

"तर डबा घेऊन येते. उठा."

गाडी काढली. ठाण्यापातूर गेलो आन् तसाच पुढं गेलो. परत वळलो, परत पुढं गेलो. गेटवरच्या शिपायानं दोनदा बघितलं, म्हणून तिसऱ्यांदा मी मान दुसरीकडं करून गेलो. एका झाडाखाली थांबून ओळखीच्या वकिलांना फोन लावला.

"वकीलसाहेब, समजा एका मित्रानं पोलिसांत चुकीचा जबाब दिलाय. आता बदलायचाय. काय होतं?"

"मुद्दाम खोटा दिला असेल तर तुझा मित्र आत जाऊ शकतो."

"आन् अडाणीपणानं दिला आसंल तर?"

"ते त्याला सिद्ध करावं लागेल. आणि मित्राला सांग, माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम अजून आलेला नाही."

फोन ठेवला. घड्याळात साडेचार. मनात एक लई वाईट विचार आला, तो बी सांगतो. गप बसलं तर? निंगव्वाला कुटं ठाऊक हाय कुणी भाषांतर केलं ते? कोर्टात कानडीवाला कुणीतरी येईल, आपोआप सुटंल ती. दोन-चार वर्षांत. मी गाडीवर बसून ही दोन-चार वर्षं मोजत हुतो, तेवढ्यात समोरनं निंगव्वा आली. चालत. हातात पिशवी. मला बघून थांबली.

"दत्तू, तुला बी बोलावलं का रे? मला पाच वाजता ये म्हणाले. काय झालं आसंल? तू हुतास की तितं. मी कायतरी वंगाळ बोलले का?"

तिचा आवाज बारीक झालेला. काल चौकात भिऊ नका म्हणणारी बाई ती. मला तिच्याकडं बघवंना.

"न्हाय अक्का. तुमी कायबी वंगाळ बोलला न्हाईसा," म्हणलं आन् तिच्या आधी आत शिरलो.

कदमांनी मान वर केली. "आता काय?"

"साहेब, तो शब्द... मारून न्हाय. देऊन हाय. नाव देऊन जावा."

कदमांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं वरडतील. त्यांनी फक्त आतल्या खोलीकडं बोट केलं. वरडले असते तर बरं वाटलं असतं.

मोठे साहेब फाईल वाचत हुते. त्यांनी ऐकून घेतलं आन् शांतपणे विचारलं, "कोण भेटलं तुला दुपारी?"

"कुणी न्हाय साहेब. बायको."

"सकाळी नक्की म्हणालास. दुपारी जेवायला गेलास. आता उलटं सांगतोस. दम दिला कुणी?"

"बायकोनंच दिला साहेब."

"थट्टा करतोस?"

"न्हाय साहेब!" मी थट्टा करत नव्हतो. जन्मभर थट्टा केली की असं होतं. खरं बोललो तरी लोक दात बघत्यात.

साहेबांनी हिरेमठला फोन लावला. स्पीकरवर टाकला आन् कदमांना ती क्लिप वाजवायला सांगितली. निंगव्वाचा आवाज खोलीत घुमला. पलीकडनं हिरेमठ म्हणाला, "साहेब, भिऊ नका, पोलिसांना नाव देऊन जा, असं म्हणतीय बाई. आक्षेपार्ह कायच नाही."

मी श्वास सोडला. साहेबांनी फाईल मिटली आन् तो मला परत घ्यायला लावला.

"मग हे आणखी वाईट झालं," ते म्हणाले. "म्हणजे सकाळी खोटा जबाब देऊन तू एका निरपराध बाईला अडकवत होतास. कुणाच्या सांगण्यावरून? बिडी कारखान्याचा कुणी माणूस?"

"साहेब, कुणी न्हाय. मला कानडी येतच न्हाय."

"सकाळी येत होतं."

"सकाळी बी येत नव्हतं साहेब. मी फक्त येतं म्हणलं."

"मग सिद्ध कर."

आता आपल्याला एखादी गोष्ट येत न्हाय, हे सिद्ध कसं करायचं? मास्तर असते तर त्यांनी दाखला दिला असता. साहेब फोनमधी म्हणाले, "हिरेमठ, याला कानडीत काहीतरी विचार. सोपं."

हिरेमठनं विचारलं, "निम्म हेंडती हेसरु एनु?"

माजं डोकं गरगरलं. त्यात 'हेसरु' हुतं! तो शब्द मी दुपारीच शिकलेलो. हेसरु म्हंजी नाव. उत्तर दिलं तर कानडी येतं असं होणार. न्हाय दिलं तर मुद्दाम गप बसलो असं होणार. भीतीनं मला खोटं बी सुचंना. जे कळलं त्याचं उत्तर दिलं.

"दत्तू."

पलीकडं हिरेमठ फुटला. हसू आवरंना त्याला. "साहेब, मी त्याला विचारलं, तुझ्या बायकोचं नाव काय? दत्तू म्हणतोय!"

दारातला शिपाई हसला. कदम खाली बघून हसले. साहेबांच्या मिश्या जरा हलल्या, पण ते हसले न्हाईत. मी हसलो न्हाय. मला रडायला येत हुतं.

"जा," साहेब म्हणाले. "कदम, गुन्हा नको. बाईंना सांगा, घरी जा म्हणावं."

बाहेर निंगव्वा बाकड्यावर पिशवी उराशी धरून बसलेली. कदमांनी तिला सगळं सांगितलं, माज्यासकट. मी मान खाली घालून उभा. वाटलं चपलीनं मारंल. तिनं माज्याकडं बघितलं बी न्हाय. कदमांना विचारलं, "मग ते लिवलेलं खोडा की."

"खोडता येत न्हाय अक्का. डायरीत खाडाखोड चालत न्हाय. नियम हाय. खाली दुसरी नोंद घेतो, की वरचं चुकीचं हाय म्हणून."

"माजं नाव वरच्यात हाय का खालच्यात?"

"दोन्हीत."

"आन् कुणी नुसतं वरचंच वाचलं तर?"

कदमांनी पेन उघडलं आन् खालची नोंद लिवायला घेतली. ते माणूस वाईट न्हाईत.

त्या आठवड्यात मी दुकानात टीव्ही लावून ती चर्चा बघत बसलो. एक खासदार हात हलवून म्हणत हुते, "नोंद म्हणजे काय शिक्षा आहे का? निर्दोष माणसाने घाबरायचं कशाला?" मागचे बाकं वाजवत हुते. आधी मला त्यांचं पटलं असतं. त्या दिवशी मी आवाज बंद केला. विधेयकाचं पुढं काय झालं ते मला नीट कळलं न्हाय. चर्चा पुढं ढकलली, एवढंच कुणीतरी म्हणालं.

पण निंगव्वाचं पुढं ढकललं गेलं न्हाय. शाळेत स्वयंपाक करणाऱ्यांची पोलीस पडताळणी निघाली. म्हंजी माणूस कसा हाय ते पोलिसांना विचारायचं. तिच्या कागदावर ठाण्यातनं शेरा आला, 'नोंद आहे'. वरची का खालची, ते शेऱ्यात बसत न्हाय.

तिचा मला फोन आला. सभेनंतरचा पहिलाच. "शाळेत ये," म्हणाली आन् ठेवला.

मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलासमोर आमी दोघं उभे. शाळेत असं उभं राहायची मला सवय हाय, पण एवढी भीती मास्तरांची बी वाटली नव्हती. मी सगळं सांगितलं. कोट्टु, गल्लीतली पोरं, बायको, हिरेमठ. बाईंनी शेवटपातूर ऐकलं.

"हे तुम्ही तोंडी सांगताय," त्या म्हणाल्या. "लेखी काही आहे?"

"हाय की बाई. खालची नोंद मागवा. त्यात लिवून दिलंय, 'सदर इसमास कानडी भाषा येत नाही'. सही-शिक्क्यासकट."

नोंद मागवली. आली. निंगव्वाचं काम राहिलं.

अजून मी बंदोबस्ताला जातो. आता कदमांनी काय विचारलं की मी आधी म्हणतो, "साहेब, एवढा शब्द कळला न्हाय, तसंच लिवा." त्यांना ते आवडत न्हाय, ओळ अर्धवट दिसती म्हणत्यात. पण 'कळला न्हाय' हे बी रजिस्टरात बसतं. मी बघितलंय, दीड इंच जागा लागती.

पडताळणी दर वर्षी असती. दर वर्षी शेरा तोच येतो, मुख्याध्यापिका बाई नव्या असत्यात, आन् दर वर्षी मी जाऊन सांगतो की मी अडाणी हाय. निंगव्वा आता माज्याशी बोलती. परवा वाटंत भेटली तर म्हणाली, "दत्तू, तब्येत जप रे बाबा." लई मायेनं म्हणाली. घरी आल्यावर माज्या ध्यानात आलं, ती असं का म्हणाली ते. मी न्हाय राहिलो तर दर वर्षी शाळेत सांगायला जाणार कोण?